ग्राफिक्स कार्ड : विकत घ्यावे की तासाच्या भाड्याने?

फर्निचरच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत झालेला एक बदल बहुतेक कारागीर बांधवांनी अनुभवला असेल. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येई, लाकडावर हात फिरवी, कॅटलॉगमधील एखादे चित्र दाखवी आणि ‘असेच करून द्या’ म्हणून बयाणा देऊन जाई. आता मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जा किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातील मिस्त्रीकडे जा, गिऱ्हाईक आधी विचारते, “आमच्या खोलीत हे कपाट कसे दिसेल, ते दाखवा.” चित्र दाखवणाऱ्याला काम मिळते. चित्र नसलेला मिस्त्री हाताने कितीही हुशार असला, तरी मागे राहतो.

हे चित्र काढण्याचे काम आता संगणक करतो. कारखान्यातील एखादा शिकलेला मुलगा कपाटाचे मापाबरहुकूम थ्रीडी नकाशे काढतो, त्यावर सागवानाचा किंवा सनमायकाचा पोत चढवतो आणि संगणकाला चित्र तयार करण्याचा हुकूम देतो. येथवर सारे ठीक होते. पण जुना संगणक एका चित्रासाठी रात्रभर घुमत बसतो. सकाळी पाहावे तर वीज गेलेली आणि काम अर्धवट. मग संगणकाचा दुकानदार सल्ला देतो, “ग्राफिक्स कार्ड घ्या, त्याला साजेशी पॉवर सप्लाय पेटी घ्या, यू.पी.एस. घ्या.” बिलाचा आकडा साठ हजारांपासून दोन लाखांपर्यंत कोठेही जातो. पैसे नसतील तर हप्ते करून देण्याचीही त्याची तयारी असते. व्याजाच्या हप्त्यांपासून दूर राहणाऱ्या बांधवांची येथेच अडचण होते.

अशा वेळी दुसरा एक मार्ग आहे, तो म्हणजे दूरच्या केंद्रातील ग्राफिक्स कार्ड तासाच्या हिशेबाने भाड्याने घेण्याचा. हा मार्ग खरा आहे, पुष्कळदा स्वस्तही आहे. मात्र हिशेब न ठेवणाऱ्याला तो विकतच्या कार्डापेक्षाही महाग पडतो. दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय कोणीही त्यात हात घालू नये, म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडत आहोत.

ग्राफिक्स कार्ड नेमके करते काय?

संगणकात एक मुख्य प्रोसेसर असतो. तो कारखान्यातील उस्ताद कारागिरासारखा समजावा. कोणतेही अवघड काम तो करू शकतो, पण असे उस्ताद चार किंवा आठच असतात. ग्राफिक्स कार्डात हजारो लहान गणकयंत्रे असतात. त्यांपैकी एकट्याची अक्कल बेताचीच, पण सारी मिळून एकसारखे काम एकाच वेळी करतात. शंभर फळ्यांना पॉलिश पेपर मारायचा असेल तर एका उस्तादापेक्षा पन्नास पोऱ्ये कामाला लावलेले बरे, तसाच हा प्रकार आहे.

चित्र तयार करणे हे असेच एकसारखे काम आहे. १९२० गुणिले १०८० मापाच्या एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवताना प्रकाशाचा किरण कोठून आला, लाकडावर आपटून कोठे गेला, काचेतून कसा वळला हे काढावे लागते. स्वच्छ चित्रासाठी प्रत्येक ठिपक्याला समजा पाचशे किरण सोडले, तर एका चित्रासाठी शंभर कोटींच्या वर किरणांचा हिशेब होतो. यालाच रेंडर काढणे म्हणतात. उस्ताद एकटा बसला तर रात्र जाणारच.

अशी कार्डे प्रथम खेळांसाठी निघाली. १९९३ साली स्थापन झालेल्या एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणले. पुढे २००७ मध्ये तिने कुडा नावाची आज्ञावली खुली केली आणि त्याच कार्डाकडून खेळाखेरीज इतर आकडेमोडही करून घेता येऊ लागली. आज फर्निचरची चित्रे असोत की कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे, दोहोंचा भार या कार्डांवरच आहे.

दूरचे मशीन म्हणजे काय?

‘क्लाउड’ या शब्दाने पुष्कळांचा गोंधळ होतो. त्यात आकाशातले काही नाही. मोठ्या कंपन्यांनी पक्क्या इमारतींत हजारो संगणक मांडून ठेवले आहेत. तेथे वीज खंडित होऊ नये याची तजवीज असते आणि थंड हवेची सोय असते. त्या संगणकांचे भाग पाडून ते गिऱ्हाइकांना भाड्याने दिले जातात. एका मोठ्या शेडमध्ये भिंती घालून दहा गाळे काढावेत, प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र कुलूप आणि वीजमीटर असावा, तसे हे आहे. अशा गाळ्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण इंटरनेटवरून त्या मशीनचा पडदा आपल्या संगणकावर उघडतो आणि काम करतो. आपला संगणक जुना असला तरी चालतो, कारण मेहनत तिकडचे मशीन करते.

ग्राफिक्स कार्ड अशा गाळ्याला दोन प्रकारे जोडले जाते. पहिल्या प्रकारात अख्खे कार्ड एकाच गाळ्याच्या हवाली केले जाते. दुसऱ्या प्रकारात एका कार्डाचे वाटे करून ते अनेकांना दिले जातात. एन्व्हिडियाचे २०२० साली आलेले ए १०० हे कार्ड सात भागांपर्यंत विभागता येते. रेंडरच्या कामासाठी लहान पण अख्खे कार्ड घेतलेले सोयीचे पडते. आपल्या वाट्याला किती आले याचा मग संशय राहत नाही.

ॲमेझॉनने अशी भाड्याची मशीने २००६ मध्ये सुरू केली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांत ग्राफिक्स कार्डे घातली. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये तीच सोय केली. ही केंद्रे परदेशातच आहेत असे नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत केंद्र उघडले. महाराष्ट्रातील कारागिराला जवळचे केंद्र निवडता येते. त्यामुळे पडदा अडखळत नाही.

या केंद्रांत खेळाची जीफोर्स कार्डे सहसा दिसत नाहीत. एन्व्हिडियाने आपल्या परवान्यात त्या कार्डांचे सॉफ्टवेअर अशा केंद्रांत वापरण्यास मनाई केली आहे. तेथे वेगळी कार्डे असतात. २०१८ साली आलेले टी-४ हे त्यांपैकी बरेच वापरात असलेले कार्ड. त्यात २,५६० गणकयंत्रे आणि १६ गिगाबाइट स्मृती असून ते अवघी ७० वॅट वीज घेते. त्याला मॉनिटर जोडण्याचे तोंडच नाही, कारण त्याच्यासमोर कोणी बसणार नसते. या लेखात आपण याच कार्डाचे उदाहरण धरू.

सी.एन.सी.चा अनुभव आठवा

तासाच्या भाड्याची कल्पना फर्निचरवाल्यांना नवी नाही. सी.एन.सी.चे कोरीवकाम मशीन प्रत्येक मिस्त्रीने विकत घेतलेले नाही. दरवाजावर नक्षी हवी असली की आपण फाइल घेऊन मशीनवाल्याकडे जातो, जॉबवर्कचा दर ठरवतो, काम झाले की पैसे देऊन येतो. महिन्यातून चार दरवाजे करणाऱ्याने मशीन घेतले तर ते धूळ खात पडते. रोज चार दरवाजे करणाऱ्याने जॉबवर्क दिले तर त्याची कमाई मशीनवाल्याच्या खिशात जाते. ग्राफिक्स कार्डाचा न्याय अगदी हाच आहे.

फरक एवढाच की, सी.एन.सी.वाला काम संपले की स्वतः मशीन बंद करतो. येथे बंद करण्याची जबाबदारी आपली असते. आपण विसरलो तर मशीन रिकामे फिरत राहते आणि मीटरही फिरत राहतो.

हिशेब मांडून पाहू

ॲमेझॉनने सप्टेंबर २०१९ मध्ये टी-४ कार्डाचे सर्वांत लहान मशीन सुरू केले. त्यात चार आभासी प्रोसेसर, १६ गिगाबाइट मेमरी आणि एक अख्खे कार्ड होते. लिनक्ससह त्याचा अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्राचा दर ताशी ०.५२६ डॉलर होता. मुंबईचा दर थोडा अधिक असतो. विंडोज हवे असेल तर त्याच्या परवान्याचे पैसे दरात मिळवले जातात, म्हणून दर आणखी वाढतो. भारतात यावर १८ टक्के जी.एस.टी. लागतो. डॉलरचा भाव बदलता असल्याने आपण सोयीसाठी सर्व धरून ताशी ६० रुपये समजू. वाचकांनी त्या दिवशीचा दर पाहून स्वतःचा आकडा घालावा, रीत तीच राहील.

दुसऱ्या पारड्यात विकतचे कार्ड ठेवू. कार्ड, पॉवर सप्लाय व यू.पी.एस. मिळून ६०,००० रुपये खर्च समजू. साठ हजार भागिले साठ म्हणजे एक हजार तास. भाड्याचे एक हजार तास झाले की दोन्ही पारडी समान होतात.

आता आपला वापर पाहावा. एखाद्या कारखान्याला महिन्याला वीस तास लागत असतील तर भाडे १,२०० रुपये होते आणि हजार तास पुरे व्हायला पन्नास महिने, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ लागतो. तोवर विकतचे कार्ड जुने होऊन त्याची किंमतही उतरलेली असते. अशा माणसाने भाड्यानेच घ्यावे. उलट एखाद्याकडे रोज सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस काम असेल तर भाडे ९,००० रुपये होते आणि सात महिन्यांत कार्डाची किंमत निघून जाते. त्याने बचत करून कार्ड विकत घ्यावे, हेच शहाणपणाचे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टी-४ हे ७० वॅटचे कार्ड रेंडरच्या कामात दुकानात मिळणाऱ्या १७० वॅटच्या आरटीएक्स ३०६० पेक्षा मंद चालते. म्हणून घरच्या कार्डाचे तास आणि भाड्याच्या कार्डाचे तास सारखे धरू नयेत. आधी एक चित्र भाड्याच्या मशीनवर काढावे, घड्याळ लावून वेळ मोजावा आणि त्यावरून महिन्याचे तास काढावेत. अंदाजाने केलेला हिशेब हमखास चुकतो.

आता तिसरा हिशेब, जो कोणी सांगत नाही. मशीन बंद करायचे राहिले तर दिवसाला २४ गुणिले ६०, म्हणजे १,४४० रुपये लागतात. एक महिना तसेच राहिले तर ४३,२०० रुपये! कपाटाचे एक चित्रही न काढता कार्डाच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला. लहान कारागिराच्या दृष्टीने ही महिन्याची कमाई आहे. हा धोका काल्पनिक नाही, नव्या माणसाकडून हीच चूक सर्वांत आधी होते.

काम सुरू करण्याची पद्धत

पहिली पायरी खात्याची. खाते धंद्याच्या नावाने उघडावे आणि जी.एस.टी. नोंदणी असेल तर तो क्रमांक सुरुवातीलाच भरावा. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही, त्याने ही रक्कम खर्चातच धरावी.

दुसरी पायरी परवानगीची. नव्या खात्याला ग्राफिक्स कार्डाची मशीने सहसा लगेच मिळत नाहीत. त्यासाठीचा कोटा बहुधा शून्य असतो. कोटा वाढवण्याचा अर्ज करावा लागतो आणि त्यात कामाचे स्वरूप लिहावे लागते. ॲमेझॉनकडे हा कोटा कार्डांच्या संख्येत नव्हे तर आभासी प्रोसेसरांच्या संख्येत मोजतात. वर सांगितलेल्या मशीनसाठी चारचा कोटा पुरतो. गुगलच्या फुकट चाचणी खात्यावर कार्ड जोडताच येत नाही, आधी खाते पैसे भरण्याचे करावे लागते. म्हणून गिऱ्हाइकाला उद्याचा वायदा देऊन आज खाते उघडायला बसू नये. हे काम आठवडाभर आधी उरकावे.

तिसरी पायरी मशीन निवडण्याची. कार्डाला चालवणारे ड्रायव्हर सॉफ्टवेअर मशीनमध्ये असावे लागते. ते हाताने बसवण्यात नवशिक्याचा अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवसही भाड्याचाच असतो. ड्रायव्हर आधीच बसवलेला तयार साचा निवडावा. मशीन सुरू झाल्यावर एन्व्हिडिया-एसएमआय ही आज्ञा द्यावी. कार्डाचे नाव आणि स्मृती पडद्यावर दिसली तर कार्ड जोडले गेले आहे असे समजावे.

चौथी पायरी फाइलची. ब्लेंडर हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर फुकट आहे, धंद्यासाठी वापरण्यासही पैसे लागत नाहीत. आपल्या संगणकावर कपाट तयार करावे, पोतांची सर्व चित्रे त्याच फाइलमध्ये बांधून घ्यावीत आणि मगच फाइल वर पाठवावी. पोत मागे राहिले तर तिकडे सागवानाच्या जागी भडक जांभळा रंग उमटतो आणि भाड्याचा तास फुकट जातो. नकाशा काढणे, मापे बदलणे, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणे ही सारी कामे आपल्याच संगणकावर करावीत. भाड्याचे मशीन फक्त शेवटच्या रेंडरसाठी उघडावे. तव्याखालचा गॅस पोळी लाटून झाल्यावर पेटवावा, तसेच हे.

पाचवी पायरी फार महत्त्वाची आहे. ब्लेंडरमध्ये दोन ठिकाणी कार्डाची निवड करावी लागते. एकदा त्याच्या सिस्टिम सेटिंगमध्ये कुडा किंवा ऑप्टिक्स निवडावे लागते आणि दुसऱ्यांदा त्या चित्राच्या रेंडर सेटिंगमध्ये जीपीयू निवडावे लागते. एक जरी राहिले तरी चित्र निघते, पण ते मुख्य प्रोसेसरवर, रखडत निघते. आपण भाडे कार्डाचे भरतो आणि कार्ड बसून राहते! चित्र चालू असताना वरील आज्ञा पुन्हा द्यावी. कार्डाचा वापर शून्य दिसला तर काम ताबडतोब थांबवावे.

फसगतीच्या जागा

पहिली जागा झाकण. लॅपटॉपचे झाकण बंद केले किंवा पडद्याची खिडकी बंद केली म्हणजे दूरचे मशीन बंद झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तो साफ चुकीचा आहे. मशीन कंपनीच्या कन्सोलमध्ये जाऊनच बंद करावे आणि बंद झाल्याचा शब्द डोळ्यांनी वाचावा.

मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये तर आणखी एक मेख आहे. मशीनच्या आतून शट डाउन केले तर ते थांबलेले दिसते, पण तुमच्यासाठी जागा राखून ठेवलेली असल्याने भाडे चालूच राहते. कन्सोलमधून थांबवून ‘डीॲलोकेटेड’ हा शब्द दिसला, तरच मीटर थांबतो.

दुसरी जागा केंद्र. ॲमेझॉनच्या कन्सोलमध्ये एका वेळी एकाच केंद्राची मशीने दिसतात. चुकून व्हर्जिनियात मशीन सुरू झाले आणि नंतर मुंबई निवडून पाहिले, तर यादी रिकामी दिसते. माणूस निर्धास्त झोपतो आणि तिकडे मीटर चालू असतो. म्हणून वरच्या कोपऱ्यातील केंद्राचे नाव रोज तपासावे.

तिसरी जागा डिस्क. मशीन थांबवले तरी त्याची डिस्क आपल्या नावावर राहते आणि तिचे भाडे लागते. ॲमेझॉनच्या जीपी-३ जातीच्या डिस्कचा दर डिसेंबर २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा व्हर्जिनियात गिगाबाइटला महिना ०.०८ डॉलर होता. म्हणजे शंभर गिगाबाइटला महिना आठ डॉलर. राखून ठेवलेल्या इंटरनेट पत्त्यालाही ताशी ०.००५ डॉलर लागतात. रक्कम लहान आहे, पण महिनोन्महिने काम नसेल तर डिस्क व पत्ता दोन्ही काढून टाकावेत.

चौथी जागा याच्या उलट आहे. वर सांगितलेल्या मशीनबरोबर १२५ गिगाबाइटची एक वेगवान डिस्क मिळते. ती मशीन थांबवताच पुसली जाते. तयार चित्रे तिच्यावर ठेवून मशीन थांबवले तर रात्रीची मेहनत गेली. चित्रे आधी आपल्या संगणकावर उतरवावीत, उघडून पाहावीत, मगच मशीन थांबवावे.

पाचवी जागा इशारा. खात्यात खर्चाची मर्यादा लिहिण्याची सोय असते. ती जरूर वापरावी. पण मर्यादा ओलांडली की सहसा फक्त ई-मेल येतो, मशीन आपोआप बंद होत नाही. तोही ई-मेल काही तास उशिरा येऊ शकतो. इशाऱ्याला पहारेकरी समजू नये.

सहावी जागा चावी. या खात्याची चावी चोराच्या हाती लागली तर तो तुमच्या नावावर मोठमोठी मशीने उघडून आभासी नाणी काढण्याच्या कामाला लावतो आणि बिल तुमच्या नावावर येते. पासवर्ड ‘कॉम्प्युटरवाल्या’ ओळखीच्या मुलाला देऊन टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, ती येथे महागात पडेल. मोबाइलवर दुसरा सांकेतिक क्रमांक येणारी दुहेरी तपासणी सुरू ठेवावी. मदतनिसाला वेगळे, मर्यादित अधिकाराचे नाव तयार करून द्यावे.

स्वस्त आणि फुकटचे मार्ग

ज्याला घाई नाही त्याच्यासाठी शिल्लक मशीनचा स्वस्त दर असतो. त्याला स्पॉट म्हणतात. तो नेहमीच्या दरापेक्षा बराच कमी असतो, पण कंपनीला गरज पडली की ती मशीन काढून घेते. ॲमेझॉन दोन मिनिटांची सूचना देते, गुगल व मायक्रोसॉफ्ट सुमारे तीस सेकंदांची. दहा वेगवेगळी चित्रे एकामागून एक काढायची असतील तर हा मार्ग चालतो, कारण गेले तर एखादेच चित्र जाते. पण गिऱ्हाईक समोर बसवून काम दाखवायचे असेल तर तो नको.

शीपिट या नावाने ब्लेंडरची चित्रे फुकट काढून देणारी एक सामुदायिक सोयही आहे. लोक आपापले संगणक तेथे जोडतात आणि एकमेकांची चित्रे काढतात. आपण दुसऱ्याचे काम केले की आपल्या कामाचा नंबर लवकर लागतो. तेथे आपली फाइल अनोळखी लोकांच्या संगणकांवर जाते, म्हणून नवे डिझाइन गुप्त ठेवायचे असेल तर विचार करावा. शिकण्यासाठी मात्र ही जागा उत्तम.

आपल्या मुलांपैकी कोणी कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण घेत असेल किंवा त्यात नवा धंदा उभारत असेल, तर त्याने सरकारी इंडिया एआय मिशनची माहिती काढावी. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या या योजनेला मंजुरी दिली. जानेवारी २०२५ मध्ये तीतून १८,६९३ कार्डे सवलतीच्या भाड्याने उपलब्ध करण्याचे जाहीर झाले आणि सवलत धरून ताशी शंभर रुपयांच्या आतला दर सांगण्यात आला. ही कार्डे टी-४ पेक्षा कितीतरी मोठी आहेत. योजना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी आहे, कपाटाची चित्रे काढण्यासाठी नव्हे, एवढे ध्यानात घ्यावे.

कोणाला याची गरज नाही?

दुकानाचे बिल, मालाचा साठा, टॅली, व्हॉट्सॲपवरील कॅटलॉग यांपैकी कशालाही ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मालाच्या फोटोमागची पार्श्वभूमी पुसायची तर मोबाइल पुरतो. ‘तुमचा धंदा क्लाउडवर नेऊन देतो’ असे म्हणणारा कोणी कापडाच्या किंवा किराणाच्या व्यापाऱ्याला कार्डाचे मशीन गळ्यात बांधू लागला, तर त्याला सरळ विचारावे की यातले कोणते काम कार्डावर होणार आहे. उत्तर देता आले नाही तर चहा पाजून निरोप द्यावा.

फर्निचर, टाइल्स, दागिन्यांचे साचे, खोलीची अंतर्गत सजावट अशा, जिन्नस तयार होण्याआधी दाखवाव्या लागणाऱ्या धंद्यांना मात्र याचा खरा उपयोग आहे. तेथेही एक सावधगिरी हवी. शब्द लिहून चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अशाच कार्डांवर चालतात आणि क्षणात सुंदर कपाट दाखवतात. पण त्या कपाटाला माप नसते. कधी दाराला बिजागरी नसते, कधी खण भिंतीत घुसलेला असतो. असे चित्र दाखवून बयाणा घेतला आणि वस्तू तशी झाली नाही, तर भांडण ठरलेले. मापाच्या नकाशावरून काढलेले रेंडर हा कारागिराचा शब्द असतो, दुसरे फक्त कल्पनेचे चित्र असते. गिऱ्हाइकाला कोणते दाखवत आहोत हे आधीच सांगावे. धंद्यातील पत चित्रापेक्षा मोलाची आहे.

शेवटी चार गोष्टी

या विषयाचे सार चार गोष्टींत सांगता येईल. पहिली, महिन्याचे तास मोजल्याशिवाय विकत घेऊ नका आणि भाड्यानेही घेऊ नका. दुसरी, काम सुरू करताना व बंद करताना वेळ वहीत लिहा आणि महिन्याच्या बिलाशी ताडून पाहा. आपण मजुराची हजेरी लिहितो, मग मशीनची का लिहू नये? तिसरी, रोज दुकान वाढवण्यापूर्वी कन्सोल उघडून मशीन बंद असल्याची खात्री करा. गल्ल्याला कुलूप लावल्याशिवाय आपण घरी जात नाही, तसेच हे. चौथी, एकट्याला झेपत नसेल तर चार-पाच कारखानदारांनी मिळून एक शिकलेला मुलगा नेमावा. प्रत्येकाच्या चित्रांचे तास वेगळे लिहून त्याप्रमाणे खर्च वाटून घ्यावा.

पूर्वी मोठ्या कंपन्यांनाच परवडणारे यंत्र आज साठ रुपये ताशी दराने लहान मिस्त्रीच्या हाती आले आहे. त्याचा फायदा किती होईल, ते त्याच्या हिशेबाच्या वहीवर अवलंबून राहील.